माळ्यावरचं टर्नटेबल खाली काढलंत? या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत काकांचं गॅरार्ड एसपी 25 टर्नटेबल माळ्यावरून खाली आलं. आम्ही फडक्याने धूळ झटकली, प्लग घातला आणि काकांची सगळ्यात लाडकी एलपी त्यावर ठेवली. तबकडी फिरली, आवाजही आला. तान वर चढली की आवाज फाटायचा, पण ‘जुन्या मशीनचा आवाज असाच’ म्हणत आम्ही तो कौतुकाने ऐकला. एकदा नाही, रात्री चारदा. सकाळी खिडकीपाशी तिरप्या उजेडात पाहिलं, तर काळ्या खाचांवर करडी झाक आली होती. झिजून धार आलेली सुई रात्रभर खाच खरवडत बसली होती. मशीन पुढे महिन्याभरात ठीक झालं. ती एलपी मात्र आजही फाटक्या आवाजातच वाजते.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: रेकॉर्ड सगळ्यात शेवटी.

प्लग घालायची घाई

गॅरार्डसारखी मशीनं लाकडी पेटीत स्प्रिंगांवर तरंगतात. हलवताना ती घट्ट आवळून ठेवायचे स्क्रू असतात. ते तसेच राहिले तर मोटरची घरघर थेट सुईत उतरते. मशीन स्प्रिंगांवर मोकळं होईपर्यंत ते स्क्रू फिरवा.

मशीन परदेशातून आलेलं असेल तर मोठा घोटाळा पुढेच आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मामांनी आणलेलं म्हटल्यावर लोक 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणतात आणि निश्चिंत होतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ म्हणजे विजेचा ठेका नाही. तिकडची वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. विजेच्या ठेक्यावर फिरणारी जुनी सिंक्रोनस मोटर आपल्याकडे तेवढीच मंदावते आणि मिनिटाला 33⅓ फेरे मारायची तबकडी जेमतेम 28 फेरे मारते. काळी चारमधलं गाणं जवळपास पांढरी चारमध्ये येतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘बुवांचा आवाज किती भारदस्त होता नाही!’ बऱ्याच मॉडेलांना 50 हर्ट्झची वेगळी पुली, म्हणजे मोटरच्या दांड्यावरची चकरी, मिळते, ती बसवायची. टेक्निक्स एसएल-1200 एमके 2 सारख्या, क्वार्ट्झ स्फटिकाने वेग धरणाऱ्या मशीनला ही अडचण नाही, तिथे नुसता ट्रान्सफॉर्मर पुरतो.

वेग तपासायची रेघांची चकती एलईडी बल्बखाली धरू नका. चांगल्या एलईडीचा उजेड विजेबरोबर लुकलुकत नाही, त्यामुळे वेग बरोबर असला तरी रेघा थांबलेल्या दिसत नाहीत. जुना पिवळा बल्ब किंवा निऑनचा टेस्टर बरा.

दिसेल तिथे तेल

पिढ्यान्‌पिढ्या घरात एकच औषध: तेल. काकूंनी तर एकदा खोबरेल घातलं होतं. थंडीत ते थिजलं आणि मशीनही. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्डखालच्या फिरत्या थाळीच्या, मधल्या बेअरिंगचं जुनं काळं तेल पुसून काढायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडायचे, बस. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे. सुई धरणारा ऑटोमॅटिक आर्म अर्ध्यावर अडकत असेल, तर बहुतेक वेळा आतलं ग्रीस वाळून डिंक झालेलं असतं. त्यावर आणखी तेल ओतून उपयोग नाही, जुनं खरवडून नवं लावावं लागतं.

रबराला मात्र तेलाचा थेंबही नको. मोटरची पुली आणि प्लॅटर यांच्यामधल्या रबरी चाकाला, म्हणजे आयडलरला, तेल लागलं की ते घसरतं आणि गाणं लाटांवर डोलायला लागतं. मशीन वर्षानुवर्षं पडून असताना ते चाक पुलीला दाबलेलं राहिलं, तर त्याला एका जागी खळगा पडतो आणि एका लयीत ‘धप्… धप्’ ऐकू येतं. तो आवाज सफाईने जात नाही, चाकच बदलावं लागतं. बेल्टवाल्या मशीनमध्ये जुना बेल्ट डांबरासारखा पाझरलेला सापडला तर नुसता हात लावू नका, बोटांवरून तो आठवडाभर जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस घ्या.

कार्ट्रिज: खरा जीव इथे

कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला, तिच्या थरथरीचा सिग्नल करणारा छोटा भाग. आधी ओळखा की ते कोणत्या जातीचं आहे. फार जुन्या मशीनांत क्रिस्टल कार्ट्रिज असतं. आतला स्फटिक रोशेल सॉल्टचा, म्हणजे चक्क पाण्यात विरघळणाऱ्या क्षाराचा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यांपुढे त्याने काय टिकावं? आवाज क्षीण, नाकातून आल्यासारखा येत असेल तर सुई बदलत बसू नका, कार्ट्रिजच गेलेलं असतं. सिरॅमिक दमटपणाला दाद देत नाही. ही दोन्ही कार्ट्रिजं दणकट सिग्नल देतात आणि अॅम्प्लिफायरच्या, क्षीण सिग्नलसाठी असलेल्या ‘फोनो’ सॉकेटला लावली की आवाज चेचून टाकतात. मॅग्नेटिकचं उलट. त्याचा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचा, आणि त्याला ‘फोनो’च लागतं. ‘ऑक्स’ या साध्या सॉकेटमध्ये घातलंत तर बारीक, बासाशिवायचा आवाज येईल आणि तुम्ही उगाच कार्ट्रिजला दोष द्याल.

दुसरी चूक चाराण्याची. सुई उडते म्हणून हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या तुकड्यावर, नाणं ठेवायची आपल्याकडे फार जुनी पद्धत. चाराण्याचं नाणं अडीच ग्रॅम किंवा त्याहून थोडं जास्त भरतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम95ई या कार्ट्रिजला लागतो 2 ग्रॅम दाब. त्यावर नाणं ठेवलंत की दाब दुपटीहून जास्त झाला. पण घाबरून दाब अगदी कमी ठेवणंही तितकंच वाईट. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, जोरकस जागी उडून भिंतींवर आपटते. आमच्या तान फाटण्यात याचाही वाटा होता. कंपनीने दिलेल्या मर्यादेत मधला किंवा किंचित वरचा आकडा धरा आणि आर्मच्या मागच्या वजनावरच्या आकड्यांवर भरवसा न ठेवता छोट्या डिजिटल काट्यावर मोजा.

सुईचं वयही विसरू नका. हिऱ्याची सुई साधारण 500 ते 1000 तास, जुन्या कार्ट्रिजांतली नीलमची पन्नासेक तास. ‘न वापरलेली, सीलबंद, 1975 ची’ असं कुणी सांगितलं तर भुलू नका. हिरा तसाच असतो, पण त्याच्या दांडीला धरणारं इवलंसं रबर दगड होतं. शुअर या कंपनीने 2018 मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, म्हणून त्यांच्या ‘ओरिजिनल’ सुयांच्या नावाखाली काहीही विकलं जातं. त्यापेक्षा जपानच्या जिकोची पर्यायी सुई सरळ घ्यावी असं माझं मत.

सुई साफ करायचा ब्रश नेहमी मागून पुढे, आर्मच्या दिशेकडून स्वतःकडे. आडवा फिरवलात की दांडी गेलीच.

बालगंधर्वांच्या काळातल्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर दोन पथ्यं. एलपीची सुई त्यांच्या रुंद खाचेत तळाशी लोळते, त्यांना जवळपास चौपट जाड टोकाची सुई लागते. जुन्या कार्ट्रिजवर ‘एलपी/78’ असा खटका असतो, तो आधी बघा. आणि अल्कोहोलने त्या कधीही पुसू नका. त्या लाखेच्या आहेत. पॉलिशवाले मिस्त्री लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात ते पाहिलंय ना? तेच तुमच्या तबकडीचं होईल.

भुणभुण आणि मुका स्पीकर

भुणभुण येत असेल तर मशीनमधून निघालेली सुटी बारीक वायर अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या स्क्रूला लावली आहे का ते पाहा. एक बाजू मुकी असेल तर अॅम्प्लिफायरपाशी डाव्या-उजव्या पिना अदलाबदल करा. मुकेपण दुसऱ्या स्पीकरमध्ये गेलं तर दोष टर्नटेबलकडे, जागेवरच राहिलं तर अॅम्प्लिफायर किंवा स्पीकरमध्ये. टर्नटेबलकडे असेल तर हेडशेलच्या मागचे चार ठिपके खोडरबराने हलके घासा. निम्म्या वेळा काम होतं. हेडशेलमधली वायर तुटली असेल तर कार्ट्रिजच्या पिनेवर सोल्डरिंग गन टेकवू नका, उष्णतेने आतली गुंडाळी जळते. वायर पिनेवरून काढा, जोडा, मग परत बसवा.

आता रेकॉर्ड. माझ्याकडे जुन्या बाजारातून रद्दीच्या भावात आणलेली, ओरखड्यांनी भरलेली एक एलपी आहे. कव्हर नाही, लेबल अर्धं उडालेलं. घरात काहीही बदललं की पहिली ती लागते, मग काकांच्या.