फाईल उघडत नाही म्हणून ऑटोकॅड काढून टाकू नका

आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलची दोन वर्षं काढून मी सांगलीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले तेव्हा ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉईंग काढायचं सॉफ्टवेअर, त्यातलं लेयर, ब्लॉक, डायमेन्शन सगळं येत होतं. फाईल बिघडली तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. क्लासमधल्या फाईली सगळ्या धडधाकटच असतात.

नोकरीचा चौथा महिना. दुमजली बंगल्याचं ड्रॉईंग दुसऱ्या दिवशी महापालिकेत द्यायचं होतं. दुपारी मी सेव्ह करत असतानाच लाईट गेली. यूपीएसची बॅटरी बसलेली, मशीन खाडकन बंद. लाईट आल्यावर फाईल उघडली तर समोर पाटी, ‘ड्रॉईंग फाईल इज नॉट व्हॅलिड’. पुन्हा पुन्हा उघडून बघितली, तर ऑटोकॅडच हँग व्हायला लागलं. मी घाबरले आणि नेटवर वाचलेलं सगळं एका दमात केलं. ऑटोकॅड अनइन्स्टॉल केलं, विंडोज तात्पुरत्या फाईली ठेवतं तो टेम्प फोल्डर रिकामा केला, उरलेले फोल्डर उडवले आणि परत इन्स्टॉलला लावलं. ते अर्ध्यात १६०३ नंबरची एरर देऊन थांबलं. संध्याकाळी सात वाजता माझ्याकडे ना फाईल होती, ना सॉफ्टवेअर.

ऑफिसातल्या सीनियर ड्राफ्ट्समनना सगळे काका म्हणायचे. त्यांनी खुर्ची ओढली आणि एकच विचारलं, “टेम्प उडवलंस का गं?” मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या ड्रॉईंगची ऑटोसेव्ह, म्हणजे ऑटोकॅड अधूनमधून आपोआप ठेवतं ती कॉपी, त्याच फोल्डरात होती. बॅकअप फाईल तरी असायची, पण ‘या बॅक फाईली फोल्डरात कचरा करतात’ म्हणून ‘आयसेव्हबॅक’ ही सेटिंग शून्य करून त्या बंद करण्याचा शहाणपणा मीच केलेला. काकांच्या मशीनवर, सकाळच्या चेक प्रिंटवरून, रात्री साडेबारापर्यंत बसून आम्ही ते ड्रॉईंग पुन्हा काढलं.

तेव्हापासून मी क्रम कधी मोडत नाही. काहीही बिघडलं की पहिलं काम म्हणजे हात मागे घ्यायचा. बिघडलेली फाईल त्याच नावावर सेव्ह करायची नाही, तिची कॉपी दुसऱ्या फोल्डरात टाकायची आणि सगळे प्रयोग कॉपीवर. मग टेम्पमधून ऑटोसेव्ह शोधायची. स्टार्टच्या शोधात टक्का, टेम्प, टक्का असं टाइप केलं की तो फोल्डर उघडतो. तुमच्या ड्रॉईंगचं नाव, पुढे काही अक्षरं-आकडे आणि शेवटी ‘एसव्ही’ व डॉलरचं चिन्ह, अशी फाईल दिसेल. तिची तारीख-वेळ बघा, कॉपी डेस्कटॉपवर घ्या आणि शेवटचं एक्स्टेंशन बदलून डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉईंगचं, करा. ऑटोकॅड नीट बंद केलं की ही फाईल आपोआप पुसली जाते. क्रॅश झालं किंवा लाईट गेली तरच ती मागे राहते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. मूळ सेटिंगमध्ये ऑटोसेव्ह दर १० मिनिटांनी होतो. मी ‘सेव्हटाइम’ ५ वर ठेवते आणि ‘सेव्हफाईलपाथ’ने जागा बदलून डी ड्राईव्हवर वेगळ्या फोल्डरात नेते. टेम्प कुणीही साफ करतं, विंडोजसुद्धा.

बॅक फाईलचंही तसंच, एक्स्टेंशन बदलून डीडब्ल्यूजी करायचं. शेवटच्या सेव्हच्या आधीचं ड्रॉईंग तिच्यात असतं. इथे नवीन मुलं हमखास एका ठिकाणी अडकतात. विंडोज एक्स्टेंशन लपवून ठेवतं, त्यामुळे नाव बदललं तरी फाईल प्रत्यक्षात ‘प्लॅन डॉट डीडब्ल्यूजी डॉट बॅक’च राहते आणि ‘बॅकअपही उघडत नाही’ म्हणून रडारड सुरू होते. एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेंशन दिसतील असं आधी करून घ्या. दुसरं, बिघडलेलं ड्रॉईंग उघडलं आणि चुकून दोनदा सेव्ह केलं, की बॅकमध्येही बिघडलेलंच जाऊन बसतं. आधी हात मागे घ्यायचा तो यासाठी.

आता दुखणं नेमकं कुठे आहे ते बघायचं. हीच फाईल शेजारच्या मशीनवर उघडते का? तिथेही उघडली नाही तर दोष फाईलमध्ये. आपल्या मशीनवर कुठलीच फाईल चालत नसेल, नवीन कोरी सुद्धा, तर दोष मशीनमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये. आणि त्याच मशीनवर विंडोजचं दुसरं यूजर खातं काढून बघितलं आणि तिथे ऑटोकॅड सुरळीत चाललं, तर बिघडलंय फक्त तुमचं प्रोफाईल. त्यासाठी स्टार्ट मेन्यूत ऑटोकॅडच्या फोल्डरातच ‘रीसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट’ आहे. तो आधी सेटिंग्जचा बॅकअप घेऊ का विचारतो, घ्यायचा. उघडता उघडता ‘फेटल एरर’ येत असेल तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बघा, ‘ग्राफिक्सकॉन्फिग’मध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा. एवढ्या तपासणीला पंधरा मिनिटं लागतात. इन्स्टॉलेशनला आमच्या नेटवर अर्धा दिवस जायचा.

फाईलच आजारी असेल तर काकांची एक युक्ती मला फार आवडते. कॉपी नोटपॅडमध्ये उघडायची. सगळा चिनी-जपानी गोंधळ दिसतो, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात. ‘एसी१०३२’ असेल तर फाईल २०१८ किंवा त्यानंतरच्या फॉरमॅटमधली, ‘एसी१०२७’ म्हणजे २०१३ ते २०१७, ‘एसी१०२४’ म्हणजे २०१० ते २०१२. तुमच्याकडे २०१६ आहे आणि फाईलवर १०३२ दिसतंय, तर फाईल करप्ट नाहीच. पाठवणाऱ्याला जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून मागा किंवा ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कच्या फुकट मिळणाऱ्या ट्रूव्ह्यूमधून बदलून घ्या. अशा फाईलींना ‘करप्ट, करप्ट’ म्हणून लोक दिवस घालवतात. आणि सुरुवातीला अक्षरं नाहीत, पानभर नुसती मोकळी जागाच दिसली, तर त्या फाईलीत ड्रॉईंग उरलेलं नाही. आकार ३ एमबी दिसला तरी आत काही नाही. पेन ड्राईव्हवरूनच फाईल उघडून काम करायचं आणि ‘सेफली रिमूव्ह’ न करता उपटायचा, त्याचं हे फळ. तिच्यामागे न लागता सरळ बॅक आणि ऑटोसेव्हकडे वळा.

अक्षरं शाबूत असतील तर आशा आहे. डबल क्लिक न करता आधी कोरं ड्रॉईंग उघडा, कमांड लाईनवर ‘रिकव्हर’ द्या आणि कॉपी निवडा. एक्सरेफ, म्हणजे बाहेरची दुसरी ड्रॉईंग, जोडलेले असतील तर ‘रिकव्हरऑल’. उघडली की ‘ऑडिट’, दुरुस्त करू का विचारलं की वाय. मग न वापरलेल्या वस्तू काढणारं ‘पर्ज’, आणि त्याचाच डॅश लावलेला प्रकार, ज्यात ‘रेगअ‍ॅप्स’, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी ड्रॉईंगमध्ये सोडलेल्या नावनोंदी, साफ करता येतात. दुसऱ्यांच्या फाईलींमधून कॉपी-पेस्ट करत आलेल्या ड्रॉईंगमध्ये या रेगअ‍ॅप्सचा एवढा गाळ साचतो की साधा प्लॅन उघडायला चहा पिऊन यावं लागतं. एवढं करूनही फाईल अडली तर कोऱ्या ड्रॉईंगमध्ये ती ब्लॉक म्हणून इन्सर्ट करून एक्सप्लोड, म्हणजे सुटी, करून बघते. मग नवीन नावाने सेव्ह. जुनं नाव पुन्हा नाही.

फाईल उघडते पण टायटल ब्लॉकमध्ये मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, हा आपल्याकडचा खास प्रकार. जुन्या ड्रॉईंगमध्ये मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये लिहिलेला असतो. तिथे फाईलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरंच, मराठी रूप देतो तो फॉन्ट. विंडोज नवीन टाकलं की फॉन्ट जातो आणि ‘प्रस्तावित निवासी इमारत’ची भेळ होते. एकदा मी अशी भेळ बघून संपूर्ण शीट खोडून नव्याने टाइप केलं होतं. फॉन्ट टाकून ऑटोकॅड बंद करून परत सुरू केलं असतं तरी झालं असतं. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्ये लिहा आणि ‘स्टाइल’मध्ये मंगल किंवा निर्मला यूआय निवडा. ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टवर देवनागरी टाकली की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात.

आता असं दुखणं, ज्यात रीइन्स्टॉलचा काडीचा उपयोग नाही. एक्सप्लोड चालत नाही, एक्सरेफ चालत नाही, बाकी सगळं ठीक. दोनदा सॉफ्टवेअर नवीन टाकलं, दोन्ही वेळा तासाभरात तेच. मग लक्षात आलं की प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरात ‘अ‍ॅकॅडडॉक’ नावाची लिस्प फाईल, म्हणजे ऑटोकॅडमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम, बसली आहे. आम्ही कुणी ती लिहिली नव्हती. जुन्या व्हर्जनमधलं ऑटोकॅड ड्रॉईंगच्या फोल्डरातली ही फाईल आपणहून चालवायचं, त्याचा फायदा घेणारे व्हायरस आहेत. सॉफ्टवेअर स्वच्छ टाकायचं आणि जुन्या फोल्डरातलं ड्रॉईंग उघडायचं, की परत लागण. ऑफिसातली सगळी मशीन, सर्व्हर आणि सगळ्यांचे पेन ड्राईव्ह शोधून त्या फाईली काढल्या तेव्हा थांबलं. २०१४ पासून ‘सिक्युअरलोड’ आहे. अनोळखी ठिकाणची लिस्प चालवू का, असं ते विचारतं. कटकट वाटली तरी शून्य करू नका.

हे सगळं करूनही रीइन्स्टॉल टळत नाही, असे दिवस येतात. तेव्हा काढण्याआधी पेन ड्राईव्हवर घ्यायच्या वस्तू घ्या. शॉर्टकटची पीजीपी फाईल, प्लॉट स्टाइलच्या सीटीबी, प्लॉटरच्या पीसी३, टेम्प्लेट, लिस्प, हॅच पॅटर्न, जास्तीचे एसएचएक्स फॉन्ट आणि वर्कस्पेसची सीयूआयएक्स. यातलं बरंच अ‍ॅपडेटा फोल्डरात लपलेलं असतं, ‘ऑप्शन्स’मधल्या ‘फाइल्स’ टॅबवर पत्ते मिळतात. सॉफ्टवेअर उडवल्यावर हे पत्ते विचारायचे कुणाला?

कंट्रोल पॅनेलमधून काढलं, मशीन रीस्टार्ट केलं, की प्रोग्रॅम फाइल्स, प्रोग्रॅम डेटा आणि दोन्ही अ‍ॅपडेटांमध्ये (लोकल आणि रोमिंग) ऑटोडेस्कचे फोल्डर उरतात. मी ते उडवत नाही, नाव बदलून ‘जुनं’ जोडते. मशीनवर रेव्हिट किंवा ऑटोडेस्कचं दुसरं काही असेल तर या फोल्डरांना हातच लावायचा नाही, ते सामायिक असतात. व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या दहा-बारा नोंदी यादीत बघून लोक त्याही काढतात. ती बाकीच्या प्रोग्रॅमांचीही भाकरी असते.

१६०३ ही एरर फक्त ‘काहीतरी चुकलं’ एवढंच सांगते. खरं कारण टेम्पमधल्या इन्स्टॉलेशनच्या लॉग फाईलीत सापडतं. ती नोटपॅडमध्ये उघडून ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा आणि त्याच्या वरच्या पंधरा-वीस ओळी वाचा. माझ्या त्या संध्याकाळच्या एररचं कारण तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. एका फोल्डरात लिहायला परवानगी नाही. अ‍ॅडमिन खात्यातून इन्स्टॉल केल्यावर काम झालं. बाकी नेहमीची कारणं म्हणजे अँटीव्हायरस मध्ये येणं, सी ड्राईव्ह भरलेला असणं, विंडोजचे अपडेट अर्धवट असणं. जुनं मशीन असेल तर एक बघाच. २०२० पासून ऑटोकॅड ६४ बिटच्या विंडोजवरच चालतं, ३२ बिटवर ते बसणारच नाही.

क्रॅकबद्दलही, म्हणजे लायसन्स न घेता चालवलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याकडे निम्म्या भानगडी तिथून निघतात. क्रॅक केलेलं काढून अधिकृत टाकलं, तरी ते साइन इन होत नाही, लायसन्स सापडत नाही म्हणतं. अशा वेळी विंडोजमधल्या सिस्टीम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेने जाऊन ‘होस्ट्स’ फाईल नोटपॅडमध्ये बघा. क्रॅकने ऑटोडेस्कचे सर्व्हर तिथे अडवून ठेवलेले असतात आणि अनइन्स्टॉल करताना त्या ओळी जात नाहीत. विद्यार्थी असाल तर एज्युकेशनचं लायसन्स वर्षभरासाठी फुकट मिळतं, पात्र असेपर्यंत वाढवता येतं. त्यावर शिका. ते पगारी कामाला वापरायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

नवीन बसलं की लगेच चालू प्रोजेक्ट उघडायची घाई होते. मी आधी कोरं ड्रॉईंग उघडून ‘सेव्हटाइम’, ‘सेव्हफाईलपाथ’ आणि ‘आयसेव्हबॅक’ बघते. मग पीजीपी आणि सीटीबी जागेवर ठेवते, आणि आधीच मंजूर झालेल्या एखाद्या जुन्या शीटचा प्लॉट काढते. नवा कागद जुन्या प्रिंटवर ठेवून खिडकीच्या काचेला लावायचा. भिंतीची रेघ जाड, डायमेन्शनची बारीक, सगळं एकावर एक बसलं पाहिजे. मागच्या वेळी भिंती जुळल्या, पण ड्रेनेजची तुटक रेघ सलग आली. सीटीबी चुकीची ठेवली गेली होती.