फ्लटर ॲपमध्ये पीडीएफ दाखवताना: इंजिनाच्या निवडीपासून मराठी मजकुराच्या शोधापर्यंत

फ्लटर या गूगलच्या ॲप बनवण्याच्या साधनात लिहिलेले एकच ॲप अँड्रॉइड, आयओएस, विंडोज, मॅकओएस, लिनक्स आणि ब्राउझर अशा सगळ्या ठिकाणी चालवता येते. पण पीडीएफ दाखवणारे स्वतःचे विजेट, म्हणजे पडद्यावरचा तयार घटक, फ्लटरमध्ये नाही. त्यामुळे पान प्रत्यक्ष कोणी रेखाटायचे, हे ॲप लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. हा निर्णय घाईत घेतला, तर एकाच फाइलीचे दोन फोनवर दोन अवतार दिसू लागतात आणि त्याच्या तक्रारी पुढे कितीतरी दिवस येत राहतात. म्हणून पॅकेजांची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार जोडण्यांची, यादी चाळण्याआधी त्या पॅकेजांच्या आत पान रेखाटणारे कोणते इंजिन आहे, हे पाहावे.

कोणते इंजिन घ्यावे

पहिला मार्ग प्रत्येक प्रणालीकडे आधीपासून असलेली सोय वापरण्याचा आहे. अँड्रॉइडमध्ये ५.० या आवृत्तीपासून पीडीएफ-रेंडरर आहे, आयओएसमध्ये ११ पासून पीडीएफकिट आहे आणि विंडोजमध्ये ८.१ पासून अशीच सोय आहे. या मार्गाने ॲपचा आकार वाढत नाही, हे खरे. पण या तिन्ही सोयींची कुवत सारखी नाही. अँड्रॉइडचा पीडीएफ-रेंडरर एका वेळी एकच पान उघडू देतो, आणि अँड्रॉइड १५ येईपर्यंत त्याला ना संकेतशब्द असलेली फाइल उघडता येत होती, ना मजकूर शोधता येत होता. पीडीएफकिटमध्ये मात्र या गोष्टी सुरुवातीपासून होत्या. म्हणजे आयफोनवर जे आपोआप मिळते, ते जुन्या अँड्रॉइड फोनवर मिळत नाही, आणि आपल्याकडे जुन्या अँड्रॉइड फोनवर ॲप वापरणारे लोक थोडेथोडके नाहीत.

दुसरा मार्ग वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपच्या आतल्या ब्राउझरच्या चौकटीत, फाइलीचा पत्ता थेट उघडण्याचा. नवखे विकासक बहुधा इथूनच सुरुवात करतात, कारण आयफोनच्या वेबव्ह्यूमध्ये पीडीएफ लगेच दिसते. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये पीडीएफ दाखवण्याची सोयच नाही, तिथे कोरे पान दिसते. त्यावर उपाय म्हणून गूगलच्या ऑनलाइन दर्शकाच्या पत्त्याला आपल्या फाइलीचा पत्ता जोडण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी फाइल कोणालाही मिळेल अशा पत्त्यावर ठेवावी लागते आणि ती त्रयस्थ सर्व्हरकडे जाते. बँकेचे विवरण किंवा रक्ततपासणीचा अहवाल दाखवणाऱ्या ॲपला हे मुळीच शोभणारे नाही. वेबव्ह्यूच वापरायचा असेल, तर मोझिलाचे पीडीएफ-जेएस हे ब्राउझरमध्ये पीडीएफ रेखाटणारे इंजिन ॲपसोबत बांधून द्यावे आणि ते वेळोवेळी अद्ययावत करावे. २०२४ मध्ये त्याच्या फॉन्ट हाताळणीतला एक दोष उघड झाला होता आणि त्यातून फाइलीत दडवलेली जावास्क्रिप्ट चालवता येत होती. तो दुरुस्त झाला, पण जुनी प्रत बांधलेल्या ॲपना त्या दुरुस्तीचा काहीच उपयोग होत नाही.

तिसरा मार्ग सगळीकडे एकच इंजिन नेण्याचा आहे आणि मी तोच सुचवतो. पीडीएफियम हे क्रोम ब्राउझरमधले इंजिन आहे. मूळ फॉक्सिट कंपनीचे असलेले हे इंजिन गूगलने २०१४ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुले केले, आणि त्याचा परवाना व्यावसायिक ॲपनाही अडथळा आणत नाही. म्युपीडीएफ हे दुसरे उत्तम इंजिन आहे. पण ते एजीपीएल परवान्याखाली (त्यात आपल्या ॲपचा स्रोतही खुला करावा लागतो) किंवा पैसे देऊनच मिळते, म्हणून बंद स्रोताच्या ॲपमध्ये ते नकळत येऊन बसलेले नाही ना, हे तपासावे. पीडीएफियममुळे ॲप काही मेगाबाइटांनी फुगते. त्या बदल्यात ग्राहकाने पाठवलेल्या चित्रातला दोष आपल्या संगणकावर जसाच्या तसा पुन्हा दिसतो, आणि दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोलाची सोय आहे.

जोडणी

फ्लटरमध्ये पीडीएफियमवर उभे असलेले, एमआयटी परवान्याचे पीडीएफआरएक्स हे पॅकेज या कामासाठी चांगले आहे. प्रकल्पाच्या पॅकेजांची नोंद असलेल्या पबस्पेक फाइलीत ते नोंदवल्यावर त्याचे पीडीएफ-व्ह्यूअर हे विजेट मिळते. ॲपसोबत दिलेली फाइल, फोनवर साठवलेली फाइल, इंटरनेटवरचा पत्ता आणि स्मृतीत असलेले बाइट अशा चारही प्रकारांसाठी त्याचे वेगवेगळे कन्स्ट्रक्टर, म्हणजे विजेट तयार करणारी फंक्शने, आहेत. पान बदलणे, विशिष्ट पानावर जाणे आणि झूम यांसाठी विजेटला एक कंट्रोलर द्यावा. पानांचे क्रमांक इथे १ पासून सुरू होतात. अँड्रॉइडच्या पीडीएफ-रेंडररमध्ये ते ० पासून सुरू होतात, तेव्हा जुन्या ॲपमधून साठवलेल्या पानखुणा आणताना हा फरक लक्षात ठेवावा.

विंडोजवर बांधणी करण्याआधी डेव्हलपर मोड सुरू करावा लागतो. फाइल इंटरनेटवरून येणार असेल, तर अँड्रॉइडच्या मुख्य मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या परवानग्या नोंदवणाऱ्या फाइलीत, इंटरनेटची परवानगी स्वतः लिहावी. फ्लटरचा नवा प्रकल्प ती परवानगी फक्त डीबग आणि प्रोफाइल या चाचणीच्या बांधणीसाठी देतो, त्यामुळे टेबलावर नीट चालणारे ॲप प्ले स्टोअरवरून घेतल्यावर फाइल आणत नाही, असा प्रकार घडतो. मॅकओएसवर सँडबॉक्सच्या, म्हणजे ॲपला बंदिस्त ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, हक्कांमध्ये बाहेर जोडणी करण्याचा हक्क मागावा. ब्राउझरमध्ये फाइल दुसऱ्या डोमेनवर असेल, तर त्या सर्व्हरने सीओआरएसचे, म्हणजे दुसऱ्या डोमेनवरच्या ॲपला फाइल वाचू देणारे, हेडर पाठवलेच पाहिजे. ॲपच्या बाजूने यावर कोणताही उपाय नाही.

अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्या आवृत्त्या लक्ष्य करणाऱ्या ॲपसाठी १६ किलोबाइट आकाराच्या मेमरी पेजला (स्मृतीच्या तुकड्याला) आधार देण्याची अट १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरने घातली आहे. पीडीएफियम हे नेटिव्ह, म्हणजे प्रोसेसरसाठी थेट संकलित केलेले, ग्रंथालय असल्याने ही अट त्यालाही लागू होते. काही वर्षे न सुधारलेले पॅकेज वापरत असाल, तर तेवढ्या एका कारणासाठीही ते बदलावे लागेल.

फाइल आणणे

पत्ता थेट विजेटला देणे सोपे आहे, पण खऱ्या ॲपमध्ये फाइल आधी स्वतः उतरवून घेणे बरे. पीडीएफमधील सर्व घटकांची जागा सांगणारी सूची फाइलीच्या शेवटी असते. त्यामुळे अर्धवट उतरलेली फाइल, तिची पहिली पाने पूर्ण आलेली असली तरी, सरळपणे उघडत नाही. यासाठी कॅशे (तात्पुरत्या साठ्याच्या) फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने फाइल लिहावी, ती पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव द्यावे, आणि दर्शकाने फक्त खऱ्या नावाची फाइल उघडावी. मध्येच नेटवर्क तुटले, तरी बिघडलेली फाइल कायमची कॅशेत बसून राहत नाही.

फाइल उघडण्यापूर्वी तिचे पहिले पाच बाइट तपासावेत. दशमान पद्धतीत ते ३७, ८०, ६८, ७० आणि ४५ असायला हवेत. लॉगिनची मुदत संपल्यावर अनेक सर्व्हर २०० असा यशाचा कोड देऊनही प्रत्यक्षात लॉगिनचे एचटीएमएल पान पाठवतात. ते पान पीडीएफ म्हणून साठवले गेले, की वापरणाऱ्याला फाइल खराब असल्याचा संदेश दिसतो आणि खरे कारण झाकले जाते. ही तपासणी केल्यास त्याला पुन्हा लॉगिन करण्यास सांगता येते.

शेकडो पानांची फाइल असेल, तर सर्व्हरवर ती लिनिअराइज करून ठेवावी. त्यात पहिल्या पानाला लागणारे सर्व घटक आणि त्यांची सूची फाइलीच्या सुरुवातीला येते. सर्व्हर फाइलीचा मागितलेला तुकडाच पाठवू शकत असेल, म्हणजे २०६ हा कोड देत असेल, तर उरलेली पाने लागतील तशी आणता येतात.

स्मृतीचा हिशोब

पीडीएफमध्ये लांबीचे एकक इंचाचा ७२ वा भाग असते, म्हणून ए४ पान सुमारे ५९५ गुणिले ८४२ एककांचे असते. तेच पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रेखाटले, तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात, आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरल्यास एका पानाला जवळपास ३.५ कोटी बाइट लागतात. अशी दहा पाने एकाच वेळी स्मृतीत ठेवणारे ॲप कमी रॅमच्या फोनवर बंद पडणारच. महानगरपालिकेच्या विकास आराखड्याचा नकाशा ए० आकाराचा असेल, तर याच हिशोबाने एका पानाला सुमारे ५६ कोटी बाइट होतात.

यावरचा उपाय असा, की आधी पान पडद्याच्या रुंदीइतक्याच पिक्सेलमध्ये रेखाटावे, आणि झूम केल्यावर दिसत असलेला भागच वाढीव स्पष्टतेने पुन्हा रेखाटावा. पीडीएफआरएक्सचे विजेट हे स्वतःच करते. म्हणून सर्व पानांची चित्रे करून ती साध्या यादीत दाखवण्याचा मोह टाळावा.

मराठी मजकूर

इंग्रजी फाइलींवर तपासलेला दर्शक शासन निर्णय, सातबारा किंवा जुन्या नियतकालिकांचे अंक उघडू लागला, की खरी परीक्षा सुरू होते. पीडीएफच्या पानावर बहुधा अक्षरे साठवलेली नसतात. कोणत्या फॉन्टमधील कितव्या क्रमांकाचा आकार कोठे छापायचा, एवढेच लिहिलेले असते. त्या आकाराचे युनिकोडमधील (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीतील) अक्षर कोणते, हे सांगणारा तक्ता वेगळा असतो आणि तो नसला तरी पान डोळ्यांना व्यवस्थित दिसते. दिसणे आणि शोधता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे ॲप मागवणाऱ्याला सुरुवातीलाच समजावून सांगावे.

युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले होते. कृतिदेव हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. असा फॉन्ट फाइलीत अंतर्भूत असेल, तर पान शुद्ध दिसते, पण त्यातला मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवल्यास निरर्थक रोमन अक्षरे येतात. फॉन्ट अंतर्भूत नसेल, तर इंजिन दुसरा फॉन्ट लावते आणि तीच निरर्थक अक्षरे पडद्यावर दिसतात. हा दोष इंजिन बदलून जात नाही. फाइल तयार करणाऱ्याकडून फॉन्ट अंतर्भूत केलेली प्रत मागावी लागते.

युनिकोड फॉन्टमध्येही एक अडचण उरते. एका जोडाक्षराच्या आकाराला तक्ता एकाहून अधिक अक्षरे देऊ शकतो, म्हणून ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ नीट परत मिळतात. ऱ्हस्व वेलांटीचा आकार मात्र व्यंजनाच्या आधी छापला जातो, तर युनिकोडमध्ये तिचे स्थान व्यंजनाच्या नंतर असते. रफाराचे याच्या उलट आहे. आकारांचा क्रम बदलण्याची सोय तक्त्यात नाही. फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने मूळ मजकूर वेगळा नोंदवलेला नसेल, तर ‘विचार’ हा शब्द वेलांटी आधी आणि ‘व’ नंतर अशा क्रमाने बाहेर येतो, आणि पानावर डोळ्यांसमोर असलेला शब्द शोधात सापडत नाही.

त्यात टंकलेखनातील फरकांची भर पडते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ कोणी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहितो, तर कोणी ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनी. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही लिहिता येते, आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणाने या जोड्या एकरूप होत नाहीत, म्हणून शोधण्याचा शब्द आणि पानावरचा मजकूर या दोन्हींवर आपला स्वतःचा बदलतक्ता चालवावा.

शोध हे तुमच्या ॲपचे मुख्य काम असेल, तर तो पीडीएफच्या मजकुरावर सोपवू नये. सर्व्हरवर प्रत्येक पानाचे चित्र करून त्यावर टेसरॅक्ट हे चित्रातील अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर चालवावे. त्याच्याकडे मराठीचे प्रशिक्षित मॉडेल आहे. मिळालेला मजकूर पानाच्या क्रमांकासह अनुक्रमणिकेत साठवावा आणि शोधाचे उत्तर म्हणून दर्शकाला त्या पानावर न्यावे. सापडलेल्या शब्दावर पिवळा पट्टा हवा असेल, तर टेसरॅक्टने दिलेली शब्दांची चौकट वापरता येते. मात्र पीडीएफचा आरंभबिंदू पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि चित्राचा वरच्या, त्यामुळे उभा अक्ष उलटा करून घ्यावा. स्कॅन केलेल्या पानांसाठी तर याशिवाय दुसरा मार्ग नाही.

संकेतशब्द, दुवे आणि सह्या

ई-आधारची फाइल नावाची पहिली चार मोठी इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष या संकेतशब्दाने उघडते. अशा फाइलींसाठी पीडीएफआरएक्सला संकेतशब्द देणारे फंक्शन द्यावे. संकेतशब्द चुकला, तर ते फंक्शन पुन्हा पुन्हा बोलावले जाते, म्हणून वापरणाऱ्याने माघार घेतल्यावर त्यातून नल (रिकामे मूल्य) परत केलेच पाहिजे. नाहीतर ॲप त्याच फेऱ्यात अडकते. दुव्यांची हाताळणीही स्वतः लिहून द्यावी लागते. दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा लगेच पाळावा. बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा मात्र पूर्ण पत्ता दाखवून, विचारूनच उघडावा.

डिजिटल स्वाक्षरी असलेल्या सातबाऱ्याबाबत विशेष काळजी घ्यावी. स्वाक्षरीच्या चौकटीत दिसणारी हिरवी खूण किंवा पिवळे प्रश्नचिन्ह हे फाइलीतच रेखाटलेले चित्र असू शकते. पीडीएफियम ते चित्र दाखवते, सही पडताळत नाही. त्यामुळे शेतकरी प्रश्नचिन्ह पाहून उतारा खोटा समजतो, किंवा कोणी हिरवी खूण पाहून बनावट उताऱ्यावर विश्वास ठेवतो. दर्शकाच्या वरच्या पट्टीत ‘या ॲपमध्ये स्वाक्षरीची पडताळणी होत नाही’ असे वाक्य स्पष्ट मराठीत लिहावे, आणि खरी पडताळणी द्यायची असेल, तर प्रमाणपत्रांची साखळी आणि फाइलीचा हॅश (तिच्या बाइटांवरून काढलेला ठसा) तपासणारे वेगळे काम सर्व्हरवर उभे करून त्याचा निकाल पानाबाहेर, ॲपच्या स्वतःच्या चौकटीत दाखवावा.