आल्प्समधल्या जुन्या गावात परवडणारी घरं बांधताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जुलैत जागा बघून आराखडा काढणं. दोन जुन्या घरांमध्ये मोकळी जागा दिसते आणि आर्किटेक्टला वाटतं, इथे अजून एक घर सहज बसेल. पण ती जागा बर्फाची असते. दबलेला बर्फ घनमीटरला २०० ते ३०० किलो भरतो. तो छपरावरून घसरून शेजाऱ्याच्या दारात पडला की पहिल्याच हिवाळ्यात भांडण. मुख्य दार पागोळ्यांच्या बाजूला ठेवूच नका. बांधून झालंच असेल, तर छपरावर बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या लावता येतात. मात्र अडलेल्या बर्फाचं वजन छप्पर पेलेल का, हे आधी तपासा. हिमस्खलनाच्या नकाशावरच्या लाल, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात तर घराचा विषयच नको.

दुसरी चूक नकलेची. काँक्रीटवर फळ्या ठोकून वर नक्षीदार बाल्कनी चिकटवली की ती लग्नमंडपाच्या कमानीसारखी दिसते. स्वित्झर्लंडमधल्या व्रिन गावात तिथलेच आर्किटेक्ट ज्योन कामिनादा यांनी जुनी ‘श्ट्रिकबाऊ’ पद्धत नव्याने वापरली. म्हणजे आडव्या तुळया कोपऱ्यात एकमेकींत अडकवायच्या, शब्दशः विणकामच. गावाला १९९८ मध्ये वाक्कर पुरस्कार मिळाला; जुन्या वस्तीचं रूप जपत नवं बांधणाऱ्या स्विस गावांना तो देतात.

ही पद्धत घेतलीत तर एक लक्षात ठेवा: लाकूड सुकतं तशी भिंत खाली बसते, मजल्यामागे काही सेंटिमीटर. खिडकी अडकायला लागली की लोक रंधा मारतात. तसं करू नका. चौकटीच्या वरची पट्टी काढून बघा. तिथली फट कुणीतरी गच्च भरून टाकलेली असते आणि भिंतीचा भार चौकटीवर आलेला असतो. जिना आणि उभे पाइपही भिंतीला घट्ट जखडू नका.

गाड्या गावाच्या तोंडाशीच थांबवा. दाराजवळ बूट, स्की, बाबागाडीला जागा ठेवा.

आणि मालकी? २०१२च्या सार्वमतानंतर २० टक्क्यांहून जास्त सुट्टीघरं असलेल्या स्विस गावांत नवी सुट्टीघरं बांधता येत नाहीत. पण तेव्हा असलेल्या जुन्या घरांना ही अट नाही, त्यामुळे शहरी पैसा त्यांच्याकडे वळतो. व्रिनने सट्टेबाजी रोखायला बांधकामाच्या जमिनी गावाच्याच नावे घेतल्या. ते जमत नसेल तर जमीन स्वतःकडे ठेवून बांधकामाचा हक्क तेवढा द्या. स्विस कायद्यात तो १०० वर्षांपर्यंत देता येतो. घर सोडताना पहिला हक्क कुणाचा आणि किंमत कशी ठरणार, हे किल्ली देण्याआधी लिहून घ्या. नंतर कुणी सही करत नाही.