शिलाईकामाला परगावी जाण्याआधी आणि गेल्यावर

खानदेशातून तापी मार्गाच्या गाडीने सुरतेला किंवा दूर तमिळनाडूतल्या तिरुपूरला तयार कपड्यांच्या कामासाठी जाणाऱ्या तरुणांची चौकशी बहुधा एकाच प्रश्नावर थांबते: महिन्याला किती मिळतील? या धंद्यात तो प्रश्न अपुरा आहे, कारण अनेक ठिकाणी मजुरी नगावर ठरते आणि नगाचा भाव कामगाराच्या नजरेआड ठरलेला असतो.

तो कसा ठरतो, हे आधी समजून घ्यावे. कपड्यांच्या जागतिक व्यापारात कोणत्या देशाकडून किती माल घ्यायचा याला मर्यादा घालणारी कोटा पद्धत १ जानेवारी २००५ रोजी संपली आणि परदेशी ब्रँड जिथे शिलाई स्वस्त पडेल तिथून मोकळेपणाने माल उचलू लागले. किंमत आणि मुदत ते ठरवतात. सूत, वीज आणि भाडे यांत कारखानदाराला फारशी काटछाट करता येत नाही, म्हणून कात्री मजुरीवर चालते. त्यातच काम ठेकेदाराकडे आणि तिथून आणखी लहान युनिटकडे गेले, तर प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो आणि उरलेला भाव मशीनवर बसलेल्याच्या वाट्याला येतो. देशी बाजारातल्या स्वस्त कपड्यांचीही गत फारशी वेगळी नाही.

म्हणून निघण्याआधी मालक कोण आणि ठेकेदार कोण, हे नावानिशी विचारावे. दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ते मागण्यात संकोच करू नये. मुकादमाकडून उचल घ्यायची असेल तर रक्कम आणि ती कशी वळती होणार, हे लिहून घ्यावे, कारण उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही असे सांगून अडवून ठेवणे हा गुन्हा आहे. सुरतेच्या उधना किंवा लिंबायत भागात आपल्याकडची माणसे वर्षानुवर्षे राहत आहेत; त्यांच्यापैकी कोणाकडून त्या युनिटची माहिती काढावी.

कामाला लागल्यावर पहिल्या दिवसापासून स्वतःची वही ठेवावी. माझ्या मते बाकी सगळ्या खबरदारीपेक्षा हिचे मोल जास्त आहे. तारीख, येण्याजाण्याची वेळ, काम कोणते, नग किती, भाव किती आणि परत आलेले नग किती, एवढे रोज लिहावे. समजा, बाही जोडण्याचा भाव नगाला २ रुपये आहे आणि दिवसात २५० नग झाले, तर ५०० रुपये व्हायला हवेत. पण त्यातले २० नग ‘ऑल्टर’ म्हणून परत आले, ते उसवून पुन्हा शिवण्यात तास गेला आणि वीज नसल्याने लाईन दीड तास बंद राहिली, तर हजेरी पूर्ण लागूनही रक्कम कमी भरते. असा खोळंबा वहीत नोंदलेला नसेल तर महिनाअखेरीस तुमच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. नगावरचे काम असले तरी पूर्ण दिवसाच्या कामाला किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, आणि ते वेतन ज्या राज्यात काम चालते तिथले लागू होते. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो.

पगारचिठ्ठीवर पीएफचे (भविष्यनिर्वाह निधी) १२ टक्के आणि ईएसआयचे (कामगार विमा) ०.७५ टक्के कापलेले दिसत असतील, तर ते खरोखर भरले जातात का, हे पीएफ खात्याच्या यूएएन क्रमांकावरून आणि ईएसआयच्या कार्डावरून तपासावे.

इमारतही पाहावी. ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझात २३ एप्रिल २०१३ रोजी भेगा दिसल्या, तेव्हा त्याच इमारतीतली बँक बंद झाली; शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले आणि इमारत कोसळून ११३४ माणसे मेली. मजुरी कापली जाण्याची धास्ती त्यांना आत घेऊन गेली होती. तेव्हा आपल्या मजल्यावरून बाहेर पडण्याचे दुसरे दार कोणते, ते कामाच्या वेळेत कुलूपबंद असते का आणि जिन्यात कापडाचे तागे रचलेले आहेत का, हे पहिल्याच आठवड्यात बघावे आणि तसे आढळल्यास चार-पाच जणांनी मिळून बोलावे. एकट्याला काढून टाकणे सोपे जाते.

मजुरी बुडाली तर वही, पगारचिठ्ठ्या आणि मोबाइलवरचे संदेश घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यावा. ठेकेदार पळाला तरी मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही, हे अर्जात स्पष्ट लिहावे. अर्ज काम केलेल्या जिल्ह्यातच द्यावा लागतो. म्हणून हिशेब बाकी ठेवून जळगाव-धुळ्याची गाडी धरण्याआधी तो देऊन त्याची पोच घ्यावी.