गेमसाठी सूर्यदेव बनवताय? नाव सगळ्यात शेवटी ठेवा

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या एका लांब गोष्टीसाठी, नवीन धर्म काढायला बसलं की सगळे आधी भारदस्त नाव शोधतात, मग सोन्याचा मुकुट, मग घोडे, झाला देव तयार. असला देव प्लेयर्स दोन सेशनमध्ये विसरतात. आधी हे बघा की तुमच्या जगातल्या माणसांना उन्हाची किती गरज आहे, म्हणजे बर्फात राहणारे त्याला लवकर ये म्हणून विनवणार आणि वाळवंटातले म्हणणार बाबा आता पुरे कर, मग दोघांची पूजा सारखी कशी असेल?

मग देऊळ घ्या, इथे घाई नको. इजिप्तच्या अखेनातेन राजाने इ.स.पू. १४व्या शतकात आतेन म्हणजे थेट सूर्यबिंबच पुजायला लावलं, तर त्याची देवळं उघड्या आभाळाखाली, गाभाऱ्यात मूर्तीबिर्ती नाही, भिंतीवर नुसतं बिंब आणि त्याचे लांब किरण, आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला एक छोटासा हात!! उलट आपल्या कोल्हापूरला अंबाबाईचा किरणोत्सव बघा, एरवी गाभारा अंधारा आणि वर्षातून मोजकेच दिवस मावळतीचं ऊन थेट आत येतं, आधी पायांवर मग वर चढत चेहऱ्यावर. ढग आले किंवा वाटेत कुणाची बिल्डिंग आडवी आली की किरणं मध्येच अडतात. गेमसाठी मला हे दुसरं मॉडेल जास्त आवडतं, कारण यात काहीतरी बिघडू शकतं.

रोजची पूजा छोटी ठेवा, ओंजळभर पाणी, एक ओळ, बास, क्लेरिकला, म्हणजे देवाचा पुजारी खेळणाऱ्या प्लेयरला, टेबलावर पटकन करता आली पाहिजे. ग्रहणाचा आणि आठवडाभर ढग राहिले तर काय करायचं याचा नियम मात्र आधीच लिहून ठेवा, प्लेयर्स नेमकं तेच विचारतात. पुजाऱ्याच्या हातात कॅलेंडर द्या, पेरणी कधी, सारा कधी भरायचा हे तोच सांगणार, म्हणजे त्याचा वट आपोआप तयार होतो.

थोडा इतिहासही हवा. अखेनातेननंतर जुने देव परत आले आणि आतेनची देवळं फोडून ते दगड दुसऱ्या बांधकामांत भरले, हे सरळ ढापा. दुसऱ्याच देवाच्या भिंतीत, उलटा बसवलेला, हातवाल्या किरणाचा एक दगड प्लेयर्सना सापडू दे.

आता नाव. दोन-तीन अक्षरांचं घ्या, दुकानदाराला भाव करताना त्याची शपथ घेता आली पाहिजे.