जुनं पिस्तूल घेताना आधी अक्षरं बघा

अमेरिकेत राहून कोल्ट १९११ सारखं जुनं पिस्तूल छंद म्हणून घेणार असाल, तर चकाकीला भुलू नका. हातात येताच आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागचा गोळी बसण्याचा कप्पा, नीट बघा आणि करंगळीने चाचपा. क्रम उलटा झाला, तर मॅगझिनमधली गोळी सरळ चेंबरमध्ये जाऊन बसते.

आता स्लाइडवरची अक्षरं उजेडात तिरकी धरा. मूळ फिनिशमध्ये अक्षरांच्या कडा नखाला लागतात. घासून पुन्हा ब्लूइंग (पोलादावर रसायनाने आणलेला निळसर-काळा थर) केलेलं असेल, तर त्या विरघळल्यासारख्या दिसतात आणि पिनांच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. निळ्या थराखाली गंजाचे खड्डे दिसले, तर रंग नंतर चढवलाय हे नक्की.

दुसऱ्या महायुद्धातली १९११ए१ (१९११ची सुधारित आवृत्ती) पिस्तुलं बहुतेक पार्कराइझ केलेली, म्हणजे फॉस्फेटचा थर दिलेली, करडी आणि मंद असतात. (शिलाई मशीनवाल्या सिंगरने बनवलेली अवघी ५०० मात्र ब्लूइंगची. त्यांची किंमत संग्राहकांना विचारा!)

मूळ फिनिश कितीही झिजलेलं असो, कृपा करून त्यावर पुन्हा ब्लूइंग करू नका. संग्राहकाच्या लेखी त्याची निम्मी किंमत तिथेच जाते, आणि ते परत आणता येत नाही. हलका गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ सुती फडक्याने पुसा. ब्लूइंगची हौस असेलच, तर आधीच कुणीतरी बिघडवलेलं स्वस्तातलं पिस्तूल घ्या आणि त्यावर हात बसवा.