साठीनंतर लांबचा ट्रेक करायचाय? तयारी उताराची करा

पाठीवर सॅक घेऊन आठवडेच्या आठवडे रोज पंधरा-वीस किलोमीटर चालायचं असेल, तर साठीनंतर तयारीला निदान सहा महिने द्या. दम लवकर वाढतो, सहा-आठ आठवड्यांत चढावर फरक कळतो. स्नायूही पाठोपाठ तयार होतात. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मात्र फार सावकाश बळकट होतात, आणि वय वाढेल तसं आणखी सावकाश. धाप लागत नाही म्हणून माणूस अंतर दुप्पट करतो आणि टाचेमागची कंडरा सुजते. मग महिना-दोन महिने घरी.

सुरुवात डॉक्टरांकडून. रक्तदाब, साखर, ईसीजी तर कराच. चढताना छातीत दाटून येत असेल तर तपासणी होईपर्यंत सराव थांबवा. गोळ्यांची यादी सोबत न्या. बीटा ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयविकारासाठीची, ठोके मंद करणारी गोळी) घेणाऱ्यांची नाडी फार वाढत नाही, त्यामुळे घड्याळावरच्या आकड्यांवरून श्रमाचा अंदाज चुकतो. त्यापेक्षा चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय का, ते बघा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात काय करायचं, ते आधीच विचारून घ्या. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं रोज घेऊन चालायचा बेत मुळीच नको: शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला इजा करू शकतात, रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत तर जास्तच. वयाबरोबर तहानही कमी लागते. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहा.

पहिले दोन महिने ओझ्याविना, आठवड्यातून चार दिवस चाला. आठवड्याचं एकूण अंतर दर वेळी दहा टक्क्यांच्या आतच वाढवा, आणि दर चौथ्या आठवड्यात ते एक तृतीयांशाने कमी करा. तिसऱ्या महिन्यात सॅकमध्ये ३ किलो घाला, मग दर पंधरवड्याला एकेक किलो. ज्या आठवड्यात वजन वाढवलं, त्या आठवड्यात अंतर तेवढंच ठेवा. चौथ्या महिन्यापासून लागोपाठ दोन दिवस चाला. खरी स्थिती दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. मांड्या दुखत असतील तर चालेल. सांधा सुजलेला किंवा आखडलेला असेल तर भार कमी करा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते उताराकडे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन पेलतात. ते थकले की प्रत्येक पावलाचा हादरा गुडघ्यावर येतो, पाय लटपटतो आणि तोल जातो. म्हणून दिवसाआड हा व्यायाम करा: साधारण १५ सेंटीमीटर उंच पायरीवर एका पायावर उभं राहा, दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद घेत जमिनीला टेकवा आणि परत वर या. प्रत्येक पायाने आठ ते दहा वेळा, असे दोन किंवा तीन फेरे. गुडघा आतल्या बाजूला वळत असेल तर आणखी कमी उंचीची पायरी घ्या. सोबत टाचा उचलण्याचा व्यायाम, आणि भिंतीजवळ एका पायावर तीस सेकंद उभं राहणं.

ट्रेकिंग पोल दोन घ्या. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी उंची ठेवा, उतारावर ५ ते १० सेंटीमीटर वाढवा. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या (एकाच काचेत वर दूरचा, खाली जवळचा नंबर) खालच्या भागातून पायाखालची जमीन धूसर दिसते. उतरताना फक्त दूरचा चष्मा वापरा.

सॅकचं वजन, पाणी आणि अन्न धरून, शरीराच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के असावं. ६५ किलोच्या माणसाला साधारण १० किलो. वजन घटवायला आधी तंबू, झोपायची पिशवी आणि खुद्द सॅक बघा, तिथे एकदम किलो-दोन किलो वाचतात. कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसवा, तो आधी आवळा आणि खांद्याचे पट्टे नंतर. हात बधिर होत असतील तर ओझं खांद्यांवर लटकतंय.

बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्या आणि अर्धा ते एक नंबर मोठेच. बोटं पुढे आपटली की उतारावर नखं काळी पडतात. चालताना कुठे चुरचुरलं तर तिथल्या तिथे थांबून टेप लावा. फोड आल्यावर टेप लावून फारसा उपयोग नाही.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा नियम आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. तो धडधाकट चालणाऱ्यांसाठी आहे; तुमच्या हिशेबात निदान एक तृतीयांश वेळ वाढवा. निघण्याआधीचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणा. ट्रेकच्या पहिल्या आठवड्यात ठरलेल्या अंतराच्या दोन तृतीयांशच चाला, आणि दर पाच-सहा दिवसांनी पूर्ण विश्रांतीचा एक दिवस वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा. परतीचं तिकीट शक्यतो बदलता येणारं काढा, म्हणजे तो दिवस गाळायचा मोह होणार नाही.